विज्ञानात काही नवीन घडवतात का, की जे आहे तेच फक्त सापडतं?

शेवंती_०४

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय त्यामुळे सांभाळून घ्या.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स. माझा मावसभाऊ गाणं शिकतो, म्हणजे सिरियसली, लहानपणापासून गुरूंकडे जातोय, आणि त्याचं माझं हे भांडण आता जुनं झालंय. त्याचं म्हणणं असं की तुम्ही सायन्सवाले हुशार असता, कष्टाळू असता, पण क्रिएटिव्ह नसता, कारण तुमचं उत्तर आधीच निसर्गात लिहून ठेवलेलं असतं. सफरचंद न्यूटनच्या आधीपण खालीच पडत होतं. न्यूटन जन्मालाच आला नसता तर अजून पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी तेच समीकरण मांडलं असतं. पण किशोरीताईंनी (आमोणकर) भूप राग गायला नसता तर तो तसा भूप जगात कधीच आला नसता, आणि काहीतरी राहून गेलंय हेसुद्धा कुणाला कळलं नसतं. "तुम्ही हुडकता, आम्ही घडवतो" हा त्याचा ठरलेला डायलॉग.

मी त्याला केकुले ह्या केमिस्टची गोष्ट सांगितली, स्वतःचीच शेपटी गिळणारा साप स्वप्नात दिसला आणि त्यावरून बेन्झिनची रिंग सुचली ती. तो हसून म्हणाला, सापाचं स्वप्न पडलं काय नि गांडुळाचं पडलं काय, बेन्झिन तेच राहणार ना? यावर मला काही बोलता येईना.

आणि खरं सांगायचं तर कॉलेजात जे चालतं ते बघून मलाही कधीकधी त्याचं पटतं. पेंड्युलमच्या प्रॅक्टिकलला 'जी'ची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाची, व्हॅल्यू ९८० च्या आसपास यायला पाहिजे हे आधीच ठरलेलं, नाही आली तर रीडिंग शिजवायची आणि जर्नल सबमिट करायचं. यात सुचण्यासारखं आहे काय? तर प्रश्न असा की विज्ञानातलं सुचणं आणि गाण्यातलं, कवितेतलं, चित्रातलं सुचणं एकच आहे का वेगळं आहे, आणि वेगळं असेल तर नक्की कुठे. 'दोन्ही आपापल्या जागी महान' असलं उत्तर नको, ते घरी आई देते.


बाकरवडी_प्रेमी

रीडिंग शिजवणे हीच खरी क्रिएटिव्हिटी. आमच्या बॅचला एका बहाद्दराने सगळी रीडिंग बरोबर ९८० आणली होती, एकही इकडे नाही की तिकडे नाही, सरांनी त्याला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

बाकी चालू द्या, वाचतोय.


कट्ट्यावरचा_काका

धागा चांगला आहे, भांडणांनी त्याचं काश्मीर व्हायच्या आत लिहून घेतो.

शेवंती, तुझ्या भावाच्या बोलण्यात दम आहे, ते उडवून लावता येत नाही. एकच शोध दोघा-तिघांना लागणं हे विज्ञानात इतकं कॉमन आहे की नवल वाटायचंच बंद होतं. कॅल्क्युलस न्यूटननेही काढलं आणि लायब्निझनेही, आणि मग आधी कुणी यावरून दोघांचं जन्मभराचं वाजलं. मेंडेलचे वाटाण्याचे नियम १८६६ पासून धूळ खात पडलेले, ते १९०० साली तिघांनी एकाच वर्षात वर काढले. सगळ्यात गाजलेली जोडी डार्विन आणि वॉलेसची. डार्विन वीस वर्षं नैसर्गिक निवडीचा विचार छातीशी धरून बसला होता, अजून पुरावा हवा, अजून पुरावा हवा करत, आणि १८५८ च्या जूनमध्ये तिकडे आजच्या इंडोनेशियाच्या बेटांवरून वॉलेसचं पाकीट आलं, उघडून बघतो तर तोच विचार, तापात पडल्या पडल्या सुचलेला! शेवटी १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्रच वाचलं गेलं. म्हणजे भाऊ म्हणतो तसं, एक नसता तरी दुसरा होताच.

पण तुलनेतच गडबड आहे बघ. विज्ञानाच्या पारड्यात तो टाकतो अख्खा सिद्धांत आणि गाण्याच्या पारड्यात टाकतो एका बाईंचा एक विशिष्ट भूप, हे माप बरोबरीचं नाही. सिद्धांताच्या समोर ठेवायचे तर भूपाचे पाच सूर ठेव, सा रे ग प ध. ते चीनमध्ये आहेत, स्कॉटलंडच्या लोकगीतांत आहेत, आणि ती मंडळी काही आपल्या घराण्यांकडे गंडा बांधायला आली नव्हती. म्हणजे हुडकणं गाण्यातही आहेच की.

आणि किशोरीताईंच्या भूपासमोर ठेवायचं तर डार्विनचा स्वतःचा युक्तिवाद ठेव, जसा त्याने लिहिला तसा. तो सुरुवात करतो कबुतरांपासून. गडी लंडनच्या कबुतरबाजांच्या क्लबात जाऊन बसायचा, स्वतः कबुतरं पाळली, त्यांची हाडं मोजली, त्याच्याही आधी आठ वर्षं खडकाला चिकटून राहणारे बार्नकल नावाचे जीव कापत बसला होता. माणूस पैदाशीत निवड करतो तशीच निवड निसर्गात आपोआप होते, हा त्याचा रस्ता. वॉलेस नेमका उलटा, त्याच्या १८५८ च्या निबंधात तो सांगतो की पाळीव जनावरांवरून रानातल्या जातींबद्दल काही ठरवायला जाऊ नका. मुक्काम एकच पण वाटा बघ किती लांब लांबच्या, आणि वॉलेसने काही केल्या ती कबुतरं लिहिली नसती.

एवढं बोलूनही एक मार्क मी तुझ्या भावाला देतो. आज बायोलॉजीच्या पोराला डार्विनची एक ओळ न वाचता सिद्धांत कळतो, गाइडमधल्या चार पानांत. भूपाच्या नोट्स वाचून भूप कळत नाही. विज्ञानात माणूस पुसला जातो आणि तो पुसला जावा अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. पण हा फरक नंतर काय होतं त्यातला झाला, सुचतं कसं त्यातला नाही. लोक हे दोन सर्रास एकत्र करतात.


पिपेटवाली

काका +१. मी थोडं लॅबच्या बाजूने लिहिते. (पुण्यात एका लॅबमध्ये आहे, कुठल्या ते सोडा, इथे कोण कोण वाचतं माहीत नाही.)

'उत्तर निसर्गात लिहून ठेवलेलं असतं' हे ऐकलं की मला हसूच येतं. लिहून ठेवलेलं असतं तर आम्ही रात्री अकरा वाजता इनक्युबेटरच्या दारात कशाला उभे असतो. उत्तर असेलही, पण प्रश्न कुठे लिहिलेला असतो? निसर्गाला हो किंवा नाही म्हणावंच लागेल अशी परिस्थिती तुम्हाला उभी करावी लागते, आणि ती परिस्थिती निसर्गात कुठेच नसते, ती कुणाच्या तरी डोक्यातून येते.

माझं आवडतं उदाहरण देते. १९५३ ला वॉटसन-क्रिकने डीएनएचा दुपेडी गोफ मांडला. लगेच प्रश्न आला की पेशीच्या दोन पेशी होताना ह्या गोफाची कॉपी कशी होते. तीन शक्यता होत्या. जुना गोफ अख्खा तसाच राहतो आणि शेजारी दुसरा कोरा तयार होतो, ही एक. जुना उलगडतो आणि त्याच्या प्रत्येक पेडाला नवा जोडीदार मिळतो, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे सगळ्याचे तुकडे होऊन जुनं-नवं मिसळून जातं. आता कागदावर हे सोपं आहे पण डीएनएचा कुठला भाग जुना आणि कुठला नवा हे ओळखणार कसं, त्यावर काय तारीख छापलेली असते का.

मेसेल्सन आणि स्टाल, दोघंही तेव्हा तिशीच्या आतले, त्यांनी काय केलं, बॅक्टेरियांना नायट्रोजनचा जड प्रकार, नायट्रोजन-१५, पिढ्यान्‌पिढ्या खायला घातला, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए जड झाला. मग एकदम त्यांना साध्या नायट्रोजनवर आणलं. इथून पुढे जे बनेल ते हलकं. पण जड-हलक्यात फरक किती, घनतेत साधारण एक टक्का! तेवढा दिसायचा कसा? त्यासाठी सीझियम क्लोराइडचं द्रावण घेऊन ते प्रचंड वेगाने तासन्‌तास फिरवायचं, म्हणजे तळाकडे दाट आणि वर विरळ असा उतार आपोआप तयार होतो, आणि डीएनए जिथे त्याच्या घनतेची जागा आहे तिथे जाऊन पट्टा करून थांबतो. एका पिढीनंतर बघितलं तर एकच पट्टा, बरोब्बर जड आणि हलक्याच्या मधोमध. पहिली शक्यता गेली. दोन पिढ्यांनंतर दोन पट्टे, एक मधला आणि एक हलका. तिसरी पण गेली. उरली दुसरी. १९५८ चा पेपर आहे आणि अजूनही बायोलॉजीवाले त्याला सर्वात सुंदर प्रयोग म्हणतात. सुंदर! नुसतं 'बरोबर' म्हणून भागलं असतं की नाही?

डीएनएची कॉपी तशी अब्जावधी वर्षं होतच होती, मान्य. पण आधी जड खाऊ घाला आणि मग हलकं द्या, हे कुठे लिहून ठेवलं होतं?

दुसरी गोष्ट, हे सुचणं बाहेर दिसत नाही कारण आम्हीच ते लपवतो. पेपरमध्ये कसं असतं, 'अमुक गृहीतक तपासण्यासाठी तमुक प्रयोग करण्यात आला'. करण्यात आला! कुणी केला, का केला, त्याआधी काय काय फसलं, काही नाही. प्रत्यक्षात कितीदा तरी आधी काहीतरी विचित्र दिसतं, मग आठवडाभर डोकं खाजवून कळतं की आपण नकळत कुठला प्रश्न विचारला होता, आणि मग लिहिताना सगळा क्रम उलटा लावून शहाण्यासारखं लिहायचं. पीटर मेडावार, नोबेल मिळालेला माणूस, त्याने १९६३ सालीच जाहीर विचारलं होतं की शास्त्रीय पेपर म्हणजे फसवणूक आहे का. खोटा डेटा असतो म्हणून नव्हे, विचार कसा झाला त्याचं चित्र खोटं असतं म्हणून. गवयाचं तसं नाही, तो चाचपडतो तेही समोर दिसतं, आणि चांगला गवई तर ते चाचपडणंच मैफलीत रंगवतो.

आणि तुझ्या त्या पेंड्युलमवरून विज्ञान ठरवू नकोस गं. ते नुसते गळ्याच्या रियाजाचे पलटे आहेत, तेही कसेबसे घोटून घेतलेले.


शेवंती_०४

पिपेटवाली ताई, भारी!! भावाला आत्ताच वाचून दाखवलं. तो म्हणतो ही युक्ती झाली, हुशारी झाली, फार तर उत्तम कारागिरी झाली, पण कारागीर वेगळा आणि कलाकार वेगळा. काकांच्या एका मार्काबद्दल मात्र त्याने धन्यवाद कळवलेत.

आता यावर काय बोलू?


धा_तिरकिट

कारागीर म्हणाला का? बरं झालं. मग त्याच्या साथीला जो तबला असतो आणि मागे जो तंबोरा असतो तिथूनच सुरू करूया. लांबण लागणार आहे, चहा टाका. (मी सांगली-मिरजेकडचा, फिजिक्स शिकवतो आणि तबला वाजवतो, दोन्ही बेताचंच.)

डफावर थाप मारली की आवाज येतो पण सूर लागत नाही. का? तर तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ हिशेबात असतात, म्हणून तार गोड लागते. गोल ताणलेल्या कातड्याचं तसं नाही, त्याचे पुढचे आवाज १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे कुठेही पडतात, एकमेकांशी जुळत नाहीत, कानाला नुसता दणका बसतो. पण तबला स्वराला लावता येतो. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कातड्याच्या (पुडीच्या) कडेवर, स्वच्छ 'ना' वाजवा, गायक त्यात सा मिसळून मोकळा. हे होतं मधल्या शाईमुळे, म्हणजे कातड्याच्या मधोमध असतो त्या काळ्या गोल थरामुळे.

याचा उलगडा केला चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, हो तेच रामन इफेक्टवाले, त्या शोधाच्या कितीतरी आधी, १९२० साली, 'नेचर'मध्ये एका सहकाऱ्याबरोबर छोटी नोंद, आणि मग १९३४ ला सविस्तर पेपर. पुडीवर बारीक वाळू पसरायची, बोटाने एके ठिकाणी हलकं दाबायचं, दुसरीकडे आघात करायचा, जिथे कातडं हलत नाही तिथे वाळूची रेघ जमते. असं करत करत त्यांनी दाखवलं की शाईच्या वजनामुळे कातड्याची नऊ वेगवेगळी कंपनं पाच गटांत येऊन बसतात आणि त्या पाचांचं प्रमाण होतं एकास दोन, तीन, चार, पाच. तारेसारखं! आणि गंमत बघा, 'ना' वाजवताना आपण अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकवतो आणि तर्जनी चाटेवर मारतो, ती टेकवलेली अनामिका म्हणजे तेच काम, खालचा स्वर दाबायचा आणि वरचा मोकळा सोडायचा. रामननी बोट ठेवून जे तपासलं ते उस्ताद लोक कधीपासून बोट ठेवून वाजवत होते.

आता शाई घालणारा माणूस बघा. लोखंडाची बारीक पूड आणि खळ, त्याचा पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, वाळला की पुन्हा थर, मध्ये जाड आणि कडेला पातळ, घोटून घोटून त्याला बारीक भेगा पडल्या पाहिजेत नाहीतर ती कडक होऊन बसते आणि पुडी बोलत नाही. मध्ये मध्ये वाजवून बघायचं, कान लावायचा, पुन्हा घोटायचं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा जमवलं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्याला बेसेल फंक्शन, म्हणजे गोल कातड्याच्या कंपनांचं गणित, ठाऊक असायचं कारण नाही, पण कातड्यावर किती वजन कुठे टाकलं की ते सुरात बोलेल हा प्रश्न त्याला पडला, आणि तो प्रश्न जगात दुसऱ्या कुणाला पडून इतका तडीस गेला नव्हता. मला सांगा हा कलाकार, कारागीर का शास्त्रज्ञ? उत्तर निसर्गात होतंच की, तुझ्या भावाच्या भाषेत. मग ह्याने काय नुसतं हुडकलं?

तंबोऱ्याचं तसंच. आमच्या मिरजेत तंबोरे-सतारी करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणारी. पंढरपूर भागातला भोपळा येतो, त्यावर सगळा साज चढतो, पण तंबोरा बोलतो तो जवारीने. घोडीचा वरचा पृष्ठभाग इतका मंद उताराचा घासायचा की तार हलताना तिथे लागून-सुटून जाते, आणि खाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवून नेमकी जागा पकडायची. पुस्तकातला यंग-हेल्महोल्ट्झचा नियम सांगतो की ज्या बिंदूवर तार छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर वाजूच शकत नाही. रामननी १९२१ साली लिहून टाकलं की तंबोऱ्यात आणि वीणेत तो चांगला ठणठणीत ऐकू येतो! नियम मोडला तो जवारी काढणाऱ्याच्या कानसेने, कारण नियमात तार दोन्ही टोकांना पक्की धरलेली होती आणि इथे ती घोडीवर खेळत होती.

(अवांतर: हे सगळं कलकत्त्यात बहूबाजार स्ट्रीटवरच्या संस्थेत. सुरुवातीची दहा वर्षं तर रामन सरकारी फायनान्स खात्यात नोकरीला होते, प्रयोग सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी सुटल्यावर.)

मग फरक कुठे? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. सुचण्यात फरक नाही. फरक आहे 'नाही' कोण म्हणतं त्यात. रामन यांचाच १९२८ चा प्रयोग घ्या, रामन इफेक्टचा. सूर्यप्रकाश निळ्या-जांभळ्या काचेतून गाळून द्रवाच्या बाटलीत सोडायचा, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर अशी दुसरी काच धरायची की जी नेमका तो निळा-जांभळा अडवते. दोन काचा एकमेकींना पूर्ण मारतात, म्हणजे मिट्ट काळोख दिसला पाहिजे. आणि तरी बाटलीत अंधूक उजेडाची रेघ दिसते! म्हणजे बाटलीतल्या द्रवाने प्रकाशाचा रंगच बदलला. आता ती रेघ नसती दिसली तर रामन कितीही मोठे असोत, कल्पना कितीही देखणी असो, विषय खलास. साठेक द्रव तपासले, सगळ्यांत दिसली, मग ३१ मार्चच्या 'नेचर'मध्ये आलं. गाण्यात नाही म्हणणारे कान असतात आणि कान तयार करता येतात. कुमार गंधर्वांच्या गाण्याला नाकं मुरडणारे तेव्हा कमी नव्हते, कुमारजींनी ऐकणाऱ्यांची पुढची पिढीच घडवली. बेन्झिनच्या बाटलीला काय घडवणार? ती आपली जे सांगायचं ते सांगते.

भावाचा 'दुसऱ्या कुणीतरी शोधलंच असतं'वाला मुद्दा इथेही लागू आहे बरं का, मॉस्कोत मांडेलश्टाम आणि लांड्सबर्ग यांना त्याच फेब्रुवारीत क्वार्ट्झमध्ये हेच दिसलं. पण ते वेगळंच काही शोधत होते, आणि रामन तिथवर आले ते १९२१ ला बोटीवरून परत येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून. ते म्हणत होते की तो निळा नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, आणि ते पत्र त्यांनी मुंबईच्या बंदरात बोटीवरूनच धाडलं. इथे काकांच्या कबुतरांना +१.


नभांगण

धा_तिरकिट, दंडवत घ्या. शाईचा भाग दोनदा वाचला.

पण 'बाटलीला घडवता येत नाही' एवढ्यावर मी सोडणार नाही. बाटलीकडे बघायचं का नाही आणि बघितलेलं खरं मानायचं का नाही हे माणसंच ठरवतात, आणि त्यांची नाकं गाण्यातल्या लोकांसारखीच मुरडतात. रामन यांचा पुतण्याच घ्या, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. १९३० ला एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसून गणित मांडलं की श्वेत बटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याच्या, वस्तुमानाला एक मर्यादा आहे, आज आपण सूर्याच्या साधारण १.४ पट म्हणतो, त्याच्या वर तारा तसा टिकू शकत नाही. ११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी ते वाचलं आणि लगेच नंतर तेव्हाचे बडे खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन उठून म्हणाले की ताऱ्याला असं खुळ्यासारखं वागू न देणारा एखादा निसर्गनियमच असला पाहिजे. सभा हसली. गणितात चूक कुणीच दाखवली नाही, एडिंग्टनचं नाव मोठं होतं एवढंच. चंद्रशेखर विषय बदलून दुसरीकडे गेले, नोबेल मिळालं १९८३ ला. तेव्हा निसर्ग शेवटी ऐकवतो हे ठीक, पण त्या 'शेवटी'त माणसाची तरुणपणाची वर्षं जातात.

हेच चंद्रशेखर १९७५ साली शिकागोत शेक्सपियर, न्यूटन आणि बेथोवेन यांना शेजारी ठेवून बोलले होते, की कलावंत उतारवयात जास्त खोल जातो आणि शास्त्रज्ञ बहुतेक वेळा का थांबतो. मला त्यांचा हा प्रश्न इथल्या मूळ प्रश्नापेक्षा जास्त छळतो, आणि ते स्वतः त्याला अपवाद, काही वर्षांनी विषय पूर्ण बदलायचे आणि साठीनंतर कृष्णविवरांवर काम केलं.

आपल्याकडचं उदाहरण कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. जयंत नारळीकर. एकच डोकं आणि दोन्ही कामं. फ्रेड हॉइलबरोबर १९६४ ला गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला, विश्वाला सुरुवात नाही ह्या स्थिर-स्थिती कल्पनेच्या बाजूने ते उभे होते, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत न्यू जर्सीला पेन्झियास आणि विल्सनच्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखी येणारी रेडिओ खरखर सापडल्याचं जाहीर झालं, ती विश्वाच्या तप्त सुरुवातीची खूण मानून बहुतेक सगळे बिग बँगकडे गेले. नारळीकर गेले नाहीत, शेवटपर्यंत पर्याय मांडत राहिले. कल्पना देखणी होती, अँटेनाने तिला खिंडीत गाठलं.

त्याच माणसाने १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कृष्णविवरावरची गोष्ट पाठवली, नाव बदलून, नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस आलं. आता ह्या गोष्टीला कुठली अँटेना खोटं पाडणार? फार तर आवडणार नाही, कंटाळवाणी वाटेल. गोष्टीत त्यांनी नाव लपवलं कारण नावामुळे परीक्षक दबले असते, आणि विज्ञानात, जिथे म्हणे नावाला किंमत नसते, तिथे एडिंग्टनच्या नावाने एक पोरगा इतकी वर्षं मागे राहिला. हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.


कट्ट्यावरचा_काका

नभांगण, मुद्दा मान्य, पण नारळीकरांच्या गोष्टीलाही विज्ञानाचं बंधन होतंच, वाट्टेल ते करायला मोकळे नव्हते. आणि तुझ्या भावालाही भूपात मध्यम लावायची परवानगी नाही शेवंती, त्याला विचार की मग तो कितीसा मोकळा आहे.


शेवंती_०४

मध्यमाचं विचारलं काका. तो म्हणाला, "नाही लावायचा म्हणून तर मजा आहे." मग स्वतःच गप्प बसला, मग म्हणाला ते शाईचं पुन्हा वाच. 'युक्ती' शब्द मागे घेतलाय, 'हुडकता' अजून घेतलेला नाही.

धा_तिरकिट सर, ते वाळूचं घरी करता येईल का? त्याच्या मित्राकडे तबला आहे आणि मला कॉलेजच्या प्रोजेक्टला काहीतरी हवंच आहे, सगळे लेझर पॉइंटर आणि सीडी घेतात.


धा_तिरकिट

येईल की. पण मित्राच्या वाजत्या तबल्यावर करू नका, शाईच्या भेगांत वाळूचे कण अडकले आणि वर कुणी हात मारला तर शाई उडते आणि मैत्री पण. तबला दुरुस्त करणाऱ्याकडे उतरवलेल्या जुन्या पुड्या पडलेल्या असतात, शाई शाबूत असलेली एखादी मागा आणि त्यालाच खोडावर चढवून द्यायला सांगा. तबला चुंबळीवर अगदी सपाट बसवा, जरा कलला तर सगळं एका बाजूला घरंगळतं. वाळू चाळून कोरडी घ्या, पातळ पसरा. आधी काही न दाबता आघात करा, मग समोरासमोर दोन बोटं चाटेवर टेकवा आणि त्यांच्यापासून सारख्या अंतरावर मारा, मधून आरपार रेघ जमायला पाहिजे. मग बोटांच्या जागा बदलत जा. शेजारी साधा डफ ठेवून दोन्हीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, फुकटातली स्पेक्ट्रमची ॲप मिळतात, १.५९ आणि २ मधला फरक स्क्रीनवर दिसेल.

आकडे शिजवू नका मात्र. पुडी जुनी आहे, दोनच्या ऐवजी १.९ आलं तर १.९ लिहा आणि का आलं ते शोधा, प्रोजेक्ट तिथून सुरू होतो.


बाकरवडी_प्रेमी

वाळूऐवजी रवा घ्या. नंतर शिरा करता येतो.